विद्यार्थ्यांच्या फिल्म्स गावोगावी न्यायच्या असतील तर

पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर इथल्या मास कॉम आणि फिल्मच्या वर्गांतून दरवर्षी ढिगाने लघुपट निघतात. बहुतेकांचे प्रेक्षक ठरलेले असतात: वर्गातली मुलं, मार्क देणारे सर आणि जिच्या घरात शूटिंग झालं ती मावशी. नंतर फिल्म यूट्यूबवर चढते, ग्रुपवर लिंक फिरते आणि विषय संपतो. ज्यांना दिग्दर्शकाचं नावगाव माहीत नाही, ज्यांनी कौतुक करायचं काही कारण नाही, अशा लोकांसमोर ती लागतच नाही. फिरता महोत्सव हवा तो यासाठी. एकदा निवडलेला कार्यक्रम पाच-सात गावांत न्यायचा आणि शक्य तितक्या ठिकाणी फिल्म करणाऱ्यालाही सोबत न्यायचं.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतले टुरिंग टॉकीज लागायचे, ट्रकमध्ये प्रोजेक्टर घालून मंडळी जत्रेमागून जत्रा करायची. काठमांडूचा फिल्म साउथ एशिया हा माहितीपटांचा महोत्सव १९९७ पासून आहे. त्यातले निवडक माहितीपट पुढे ट्रॅव्हलिंग फिल्म साउथ एशिया या नावाने देशोदेशी फिरतात. आपण त्याची लहान, विद्यार्थ्यांची आवृत्ती करतो आहोत असं धरा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. असा महोत्सव फिल्म्सच्या संख्येवर चालत नाही. गावातला यजमान पक्का असला आणि एखादा दिग्दर्शक मुलगा किंवा मुलगी सोबत असली, तर सात फिल्म्सही पुरतात. ही दोन्ही नसतील तर चाळीस फिल्म्स नेऊनही शेवटी हॉलमध्ये आपण, शिपाई आणि साउंडवाला उरतो.

आधी तारखा, मग फिल्म्स

लोक उलट करतात: प्रवेशिका मागवतात, परीक्षक नेमतात, पोस्टर काढतात आणि मग हॉल शोधायला लागतात. कॉलेजचं वेळापत्रक पाहिलं तर वर्षात मोकळ्या खिडक्या दोनच सापडतात. एक जुलैचा उत्तरार्ध ते गणपतीच्या आधीपर्यंत. दुसरी डिसेंबर ते जानेवारीअखेर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सत्र परीक्षा आणि दिवाळी. फेब्रुवारीत बारावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली की कॉलेजचा मोठा हॉल परीक्षा केंद्रात जातो. एप्रिल-मेमध्ये मुलंच नसतात. पावसाळ्याच्या खिडकीत हॉल सहज मिळतात, पण घाटरस्त्यांचा भरवसा नाही. म्हणून मी डिसेंबर-जानेवारीच घेईन. गॅदरिंगच्या तारखा तेवढ्या टाळायच्या, कारण त्या आठवड्यात तुमच्या प्रेक्षकांतले निम्मे डान्सची प्रॅक्टिस करत असतात.

याच काळात एनएसएसची हिवाळी शिबिरं गावांत भरतात. मुलं आठवडाभर मुक्कामी असतात, संध्याकाळी करायला फारसं काही नसतं आणि गावकरीही येऊन बसतात. शिबिराच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी गाठलंत तर उघड्यावरचा उत्तम प्रयोग मिळतो.

मार्ग एका रेषेत ठेवा. पुण्यातून निघून सातारा, कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर, तिथून आंबोली घाटाने सावंतवाडी आणि शेवटी पणजी, हा हिशेबाला सोपा मार्ग आहे. दोन मुक्कामांमध्ये दोन-चार तासांचाच प्रवास पडतो, त्यामुळे सकाळी निघून दुपारी हॉल लावता येतो. मध्ये एक दिवस पूर्ण मोकळा सोडा. तो आरामाला म्हणून धरायचा, पण बहुधा कुठल्या तरी कॉलेजने आयत्या वेळी बदललेली तारीख त्यात जाते.

यजमान कोण

प्राचार्यांच्या नावे पत्र लागतंच, पण काम त्या पत्राने होत नाही. प्रत्येक गावात एक माणूस हवा जो हॉलची किल्ली कोणाकडे असते ते सांगेल, वीज गेली तर जनरेटरवाल्याला हाक मारेल आणि आदल्या दिवशी वर्गावर्गांत जाऊन मुलांना सांगेल. असा माणूस कधी मास कॉमच्या विभागात सापडतो, कधी मराठी वाङ्मय मंडळात, कधी सार्वजनिक वाचनालयात. गावात फिल्म सोसायटी असेल तर पहिला फोन तिथे. भारतात फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ मध्ये स्थापन झाला. चित्रपट दाखवून नंतर बोलत बसायची सवय ज्या गावांना आहे, तिथे ती बहुधा या चळवळीने लावली आहे.

यजमानाशी फोनवर काहीही ठरलं तरी एका पानावर लिहून दोघांनी सही करा. आम्ही साधारण असं वाटून घेतो: हॉल, पडदा, राहणं-जेवण आणि प्रेक्षक यजमानाकडे, फिल्म्स, प्रोजेक्टर, प्रवास आणि परवानग्यांचे कागद आमच्याकडे. साउंड कोणाचा हे स्वतंत्र लिहा. 'आमच्याकडे सिस्टीम आहे' याचा अर्थ भाषणाचे दोन स्पीकर आणि एक खरखरणारा माइक असा निघू शकतो.

एक कलम मी आग्रहाने घालायला लावतो: फिल्म्सच्या आधी एकच भाषण, तेही पाच मिनिटांचं. आपल्याकडे दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत आणि अध्यक्षीय समारोप असा क्रम लागला की पाऊण तास सहज जातो. तोवर मुलांचं लक्ष गेलेलं असतं आणि मागच्या रांगा रिकाम्या झालेल्या असतात. सत्कार करायलाच हवा असेल (आणि तो हवाच असतो, कोणाला दुखवून चालत नाही) तर मध्यंतरात चहाच्या वेळी ठेवा. फोटोही चांगले येतात, कारण तेव्हा दिवे लागलेले असतात.

वेळ ठरवताना शेवटची एसटी बघा

शहरात संध्याकाळी सहा ही सोयीची वेळ. तालुक्याच्या कॉलेजात ती चालत नाही. निम्मी मुलं, त्यातही मुली, आजूबाजूच्या गावांतून पासवर येतात आणि गावाकडची शेवटची गाडी साडेपाच-सहाला असते. चर्चा रंगात आली असताना पहिल्या तीन रांगा दप्तरं उचलून उठल्या, तर तो त्यांचा अनादर नाही, आपलं नियोजन चुकलंय. अशा ठिकाणी सकाळी अकरा ते दीड हीच वेळ धरा.

त्यातून पुढची अडचण येते: दिवसा हॉलमध्ये उजेड असतो. खिडक्यांना पडदे आहेत का, असं यजमानाला विचारू नका. अकरा वाजता दिवे बंद करून हॉलचा फोटो पाठवा, असं सांगा. झरोके आणि दारावरच्या काचा पडद्यांनी झाकल्या जात नाहीत. गावातल्या मांडववाल्याकडे काळं किंवा गडद कापड असतं, ते आदल्या संध्याकाळी लावून घ्यायचं. एवढ्याने जो फरक पडतो तो महागड्या प्रोजेक्टरनेही पडत नाही.

कायद्याचा भाग

हा कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ प्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनासाठी फिल्मला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, मग ती पाच मिनिटांची का असेना. विद्यार्थ्यांच्या फिल्म्सना ते जवळपास कधीच नसतं. महोत्सवांसाठी सूट मिळते. ती केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करून घ्यायची. अर्जासोबत फिल्म्सची यादी, प्रत्येकीचा सारांश, निवड कोणी केली आणि कार्यक्रम बिगरव्यावसायिक आहे याची माहिती द्यावी लागते. फिरत्या महोत्सवाने सगळी गावं, हॉल आणि तारखा त्याच अर्जात घालाव्यात. तारखा आधी ठरवा म्हणतो ते यासाठीही. सूट नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरती असते, म्हणून दारात तिकीट विकायचं नाही. नाव-फोन लिहून नोंदणी करायची आणि पास द्यायचा.

कॉपीराइटचं प्रकरण वेगळं, आणि त्यात दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे फिल्मचा मालक कोण. मुलाने केली म्हणून ती मुलाचीच असते असं नाही. एफटीआयआयसारख्या (पुण्याची सरकारी फिल्म संस्था) संस्थांत अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या फिल्मचे हक्क संस्थेकडे असतात. तिथे परवानगी संस्थेच्या लेटरहेडवर हवी. दुसरा खड्डा म्हणजे संगीत. दिग्दर्शकाने नि:शंकपणे जुनं हिंदी गाणं किंवा परदेशी चित्रपटाचा तुकडा पार्श्वभूमीला टाकलेला असतो. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं टिकतो, आणि गीत-संगीताचा हक्क त्याहून निराळा. वर्गात दाखवली तेव्हा चालून गेलं, कारण शिक्षणसंस्थेने आपले विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरतं दाखवलं तर कायद्यात सवलत आहे. गावोगावी फिरताना त्या सवलतीवर विसंबू नका. निवड झाल्यावर दिग्दर्शकाला पंधरा दिवस द्या आणि संगीत बदलून मागा. बऱ्याचदा फिल्म त्याने सुधारतेच.

उघड्यावरचा प्रयोग असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी आणि पोलीस ठाण्यातून ध्वनिक्षेपकाची परवानगी घ्या. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. साडेसातला सुरू केलंत तरच चर्चेला वेळ उरतो.

निवड

प्रवेशिका फुकट ठेवा. गुगल फॉर्ममध्ये एवढंच मागा: नाव, लांबी, भाषा, सबटायटल्स आहेत का, हक्क कोणाकडे, फिल्मची लिंक, आणि 'दोन दिवस महोत्सवासोबत प्रवास कराल का' हा प्रश्न. शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्याची फिल्म थोडी डावी असली तरी मी घेतो. ज्यांना आपली फिल्म परदेशी महोत्सवांत पाठवायची आहे त्यांनी तिथले पहिल्या प्रदर्शनाचे नियम (आधी दुसरीकडे दाखवलेली फिल्म चालते का) आधी तपासावेत, हेही फॉर्मवर लिहून टाका.

निवड समितीत तिघे पुरेत, आणि त्यांतला एक सिनेमाशी संबंध नसलेला असावा: शाळेतल्या बाई, ग्रंथपाल, कोणीही. फिल्मवाल्यांना शॉट आवडतो म्हणून फिल्म आवडते. त्या बाई विचारतात, 'पण तो घरी का जात नाही?' असे प्रश्न पुढे हॉलमध्ये येणारच असतात.

काही गोष्टी ढिगाने येतील, मनाची तयारी ठेवा. वृद्धाश्रमातले आजोबा. मोबाइलच्या नादात आईला विसरलेला मुलगा. पाठीमागून चालणारा माणूस, जो शेवटी मेलेलाच निघतो. विषय शिळा म्हणून फिल्म टाकू नका, पण एका कार्यक्रमात दोन आजोबा नकोत. उभ्या चौकटीत, मोबाइलवर केलेले व्हिडिओही घ्या. बारा फूट रुंद पडद्याची उंची पावणेसात फूट असते आणि त्यात उभी चौकट जेमतेम पावणेचार फूट रुंद येते, तरी चांगला उभा व्हिडिओ त्या काळोखात छान दिसतो. तो दोन्ही बाजूंनी धूसर करून फुगवायचा मोह तेवढा आवरा.

एकूण लांबी १०० मिनिटांपेक्षा जास्त नको: पन्नास मिनिटं, मध्यंतर, पन्नास मिनिटं. पहिली फिल्म आठ-दहा मिनिटांची आणि आवाज स्वच्छ असलेली ठेवा. उशिरा येणारे पहिल्या फिल्ममध्येच खुर्च्या ओढतात, त्यामुळे सर्वांत नाजूक फिल्म तिथे लावू नये. सर्वांत जड फिल्म मध्यंतराच्या आधी, म्हणजे लोक चहाबरोबर ती पचवतात. आणि प्रत्येक गावात दहा मिनिटं स्थानिक मुलांच्या फिल्मसाठी रिकामी ठेवा. ती यजमानांनी निवडायची, पण यादी आणि सारांश मंत्रालयाच्या अर्जाआधी आपल्या हातात यायला हवा. चांगली निघाली आणि अर्जात पुढच्या गावांसाठीही दाखवली असेल तर पुढे सोबत न्यायची. साताऱ्याची फिल्म सांगलीत लागते तेव्हा महोत्सव पुण्याचा राहत नाही.

फाइल्सची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण मुलं काहीही पाठवतात. सगळ्या फिल्म्स एकाच साच्यात आणून घ्या: १९२० बाय १०८० चौकट, एच.२६४ एमपी४ प्रकारची फाइल, साधारण २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट), ध्वनी ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी पाच सेकंद काळा पडदा. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरतं. कोल्हापूर-पणजीत खरं चित्रपटगृह मिळालं तर डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरला चालणारी फिल्मची प्रत, लागेल. तीही डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरवर घरी बनते, पण त्या थिएटरात आधी एकदा चालवून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

मोबाइलवर शूट केलेल्या फिल्म्सचा एक खास रोग असतो. फोन सेकंदाला कधी ३० चौकटी घेतो, कधी २८. अशा फाइल्समध्ये सुरुवातीला सगळं ठीक दिसतं आणि आठव्या मिनिटाला ओठ आणि शब्द वेगळे चालू लागतात. रूपांतर करताना फ्रेमरेट 'कॉन्स्टंट' निवडा आणि तपासताना प्रत्येक फिल्मचं शेवटचं मिनिट ऐका. पहिलं मिनिट तर सगळेच ऐकतात.

आवाजाची पातळी प्रत्येक फिल्मची निराळी असते: एकात कुजबुज ऐकू येत नाही, दुसरीत कुकरची शिट्टी कानठळ्या बसवते. सगळ्या फाइल्स एकाच लाउडनेसवर, उदाहरणार्थ प्रसारणात वापरल्या जाणाऱ्या उणे २३ एलयूएफएसवर (लाउडनेस मोजायचं एकक), आणून ठेवा. नाहीतर साउंडवाला दर फिल्मला नॉब फिरवत बसतो.

सबटायटल्स चित्रावरच छापून घ्या. वेगळ्या फाइलमधली देवनागरी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर कशी दिसेल सांगता येत नाही. जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या पळतात. मराठी फिल्म गोव्यात आणि कोकणी फिल्म साताऱ्यात दाखवायची तर सबटायटल्स हवीतच.

सगळं दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या बॅगांत. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. जुन्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि वर सांगितलेल्या दराने २७-२८ मिनिटांतच फिल्म तेवढी होते. सगळ्या फिल्म्स जोडून एकच लांब फाइल करू नका. वीज गेली तर परत नेमकी जागा शोधताना घाम फुटतो. सुट्या फाइल्सना ०१, ०२ असे आकडे द्या आणि सोबत छापील कागद ठेवा. आमच्या कागदावरची एक ओळ अशी असते: '०४ – ११ मि. २० से. – सुरुवातीचे ४० सेकंद आवाज नाही, घाबरू नये – शेवटी नामावलीनंतर एक दृश्य आहे, दिवे लावू नयेत.' दिव्यांच्या बटणाशी जो मुलगा उभा असतो त्याच्या हातात हा कागद हवा.

हॉलमध्ये

प्रोजेक्टर भाड्याने घेताना ल्युमेन, म्हणजे त्याच्या उजेडाचं माप, विचारा. बारा फुटी पडद्याचं क्षेत्रफळ ८१ चौरस फूट. ३००० ल्युमेन भागिले ८१ म्हणजे सुमारे ३७ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावर दिसणारा उजेड मोजायचं एकक). चित्रपटगृहाचं प्रमाण साधारण १४ आहे. म्हणजे पूर्ण काळोखात ३००० भरपूर झाले. दिवसाच्या अर्ध्या उजेडात मात्र ५००० मागा, आणि जुन्या दिव्याचा प्रोजेक्टर छापलेल्या आकड्याइतका उजेड देत नाही हे धरून चाला. अंतराचा हिशेब सोपा: थ्रो रेशो (पडद्याच्या रुंदीच्या किती पट मागे प्रोजेक्टर ठेवायचा तो आकडा) १.५ असेल तर बारा फुटी पडद्यासाठी अठरा फूट मागे. तिथे टेबल मावतं का, आणि माणसं मधून जातात का, ते पाहा.

लांब एचडीएमआय केबल हमखास दगा देते. लॅपटॉप प्रोजेक्टरशेजारी ठेवा आणि फक्त आवाजाची केबल स्टेजकडे न्या. आवाजात घुंई असा गुंजारव येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला, तर दोष अर्थिंगचा आहे. मिक्सर आणि लॅपटॉपमध्ये डीआय बॉक्स (असा गुंजारव तोडणारी छोटी पेटी) लावा. नसेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बॅटरीवर चालवा. लॅपटॉपची झोप, सूचना आणि व्हॉट्सॲप बंद. पडद्यावर वीस फुटांवरून कोणाच्या आईचा 'जेवलास का' हा मेसेज सगळ्यांनी वाचलाय.

रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, भरल्यावर माणसं तो शोषून घेतात. म्हणून चाचणीला थोडा चढा वाटेल असा ठेवा, आणि शेवटच्या रांगेत बसून, पंखे चालू करून ऐका. आपल्या हॉलमधले पंखे मोठे खलनायक असतात.

चर्चा

दिवे लागले की पहिला प्रश्न ठरलेला: 'कॅमेरा कोणता?' दुसरा: 'बजेट किती?' उत्तरं द्या, पण सुरुवात त्यांनी होऊ देऊ नका. सूत्रसंचालकाने आधी प्रेक्षकांनाच विचारावं की कोणती फिल्म कोणाला कळली नाही. 'आवडली का' विचारलं तर सगळे हो म्हणतात. 'कळली नाही' म्हणायला परवानगी दिली की लोक मोकळे होतात. एका गावात एका आजींनी उसाच्या फडातल्या फिल्मबद्दल सांगितलं की, कोयता असा धरत नाहीत, आणि हाताने दाखवलं. दिग्दर्शिकेने वहीत ते चित्र काढून घेतलं. पाच मिनिटं हॉलमध्ये ऊसतोडीवर बोलणं झालं, सिनेमावर अवाक्षर नाही, आणि त्या दिवसाची तीच सर्वांत चांगली चर्चा होती.

दिग्दर्शकाला आधी बजावून ठेवा: फिल्मचा अर्थ समजावून सांगायचा नाही. चर्चा तीस मिनिटांत आवरा. पुढचं बोलणं चहाच्या टपरीवर होतं.

परतल्यावर

प्रत्येक ठिकाणच्या लॅपटॉपवरून फाइल्स पुसल्याची खात्री त्याच दिवशी करायची, मुक्काम हलण्याआधी. 'कॉलेजच्या लायब्ररीसाठी एक कॉपी ठेवू का' अशी विनंती येते. उत्तर नाही, दिग्दर्शकाचा फोन नंबर त्यांच्या परवानगीने द्या आणि परस्पर ठरवू द्या. खर्चाच्या पावत्या गावाप्रमाणे वेगवेगळ्या पाकिटांत घातल्या असतील तर हिशेब एका संध्याकाळी उरकतो. प्रत्येक दिग्दर्शकाला एक पान पाठवा: कुठे, कधी, किती लोकांनी पाहिली, आणि लोक काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत. जे सोबत येऊ शकले नाहीत त्यांना हे पान आधी. यजमानांना आभाराच्या पत्रासोबत पुढच्या वर्षीच्या दोन संभाव्य तारखा कळवून टाका, कारण प्राचार्य मे महिन्यातच पुढच्या वर्षाचं कॅलेंडर बनवायला घेतात.